यादीबाहेरची गोगलगाय

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी जैवविविधता लघुसर्वेक्षण अनुदानासाठी अर्ज केला आणि तो यथावकाश मंजूर झाला. इथपर्यंत कुणाचीच चूक नाही. अनुदान लघु होतं. किती लघु ते विचारू नये, कारण ते देणाऱ्या सरकारी जैवविविधता कक्षाच्या माहितीपत्रकातसुद्धा तो आकडा लाजून तळटिपेत जाऊन बसलेला आहे.

बाईंना खरं तर गावाबाहेरच्या ओढ्याकाठी सर्वेक्षण करायचं होतं. पण कक्षाच्या मंजुरी समितीने प्रवासाची बाब वगळली. संशोधकाने कक्षापासून पायी किती लांब जावं याबद्दल नियमांत काही म्हटलेलं नव्हतं, म्हणून समितीने सावधगिरीने शून्य अंतर धरलं. अर्ज परत आला तेव्हा सर्वेक्षणाच्या जागेपुढे लाल शाईने लिहिलेलं होतं: 'या कार्यालयाचे मागील आवार.' त्या आवारात मोडक्या खुर्च्यांचा ढीग, चाकं नसलेली एक जीप, पाण्याची टाकी आणि टाकीखालची लांबलचक भिंत एवढा निसर्ग होता. नाही मामापेक्षा काणा मामा बरा, असं म्हणून बाईंनी तोही मान्य केला.

मग रकाना क्रमांक नऊ आला. 'सर्वेक्षणात सापडणाऱ्या प्रजातींची यादी, नावे व एकूण संख्येसह.'

या रकान्यावर बाई अडल्या आणि दुसऱ्या मजल्यावर वरिष्ठ लिपिकांच्या टेबलापाशी गेल्या. हे गृहस्थ कोणत्याही प्रश्नाचं उत्तर 'तूर्तास' या शब्दाने सुरू करत, म्हणून सगळं कार्यालय त्यांना तूर्तासराव म्हणत असे. माणूस वाईट नव्हता. नियमाच्या आत राहून जेवढी मदत करता येईल तेवढी ते करत. नियमाच्या आत जागाच नसेल तर त्याला ते तरी काय करणार?

"काय सापडणार ते आधीच माहीत असतं," बाई म्हणाल्या, "तर मी शोधायला कशाला निघाले असते?"

"तूर्तास असं आहे बाई, काय सापडणार तेच माहीत नसेल तर आम्ही मंजुरी कशाची द्यायची? उद्या तुम्ही येऊन म्हणाल, काहीतरी सापडलं. काहीतरीला मंजुरी देता येत नाही."

बाई खाली गेल्या, आवारात एक फेरी मारली आणि अंदाजाने यादी केली. कावळा, पाल, तीन जातींच्या मुंग्या, जीपमध्ये राहणारा कोळी असं करत करत तीस झाले. टाकीपाशी काहीतरी डरावल्यासारखं वाटलं म्हणून एकतिसावा बेडूक लिहिला. समितीने एकतीस प्रजातींना एकमताने मंजुरी दिली. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच, पण इथे निदान कळसाला मंजुरी होती.

साहित्य म्हणून एक भिंग मिळालं. कार्यालयाच्या वस्तूवर नोंदवहीचा क्रमांक घालावाच लागतो आणि भिंगाची दांडी फार बारीक होती. म्हणून भांडारपालाने पांढऱ्या ऑइलपेंटने काचेवरच 'अ/१७' लिहून दिलं होतं. पुढचे तीन महिने बाईंनी या आवारातला प्रत्येक जीव अ/१७ च्या आडून पाहिला.

पहिल्याच महिन्यात टाकीखालच्या भिंतीपाशी त्यांचा पाय घसरला. टाकीचा पाइप गळत होता. गळतीची तक्रार चौदा वर्षांपूर्वी दाखल झालेली होती आणि तेव्हापासून ती या शाखेतून त्या शाखेत सुखाने नांदत होती. तेवढ्या काळात भिंतीवर चार हात लांबीचा हिरवागार शेवाळाचा पट्टा वाढला होता. बाईंना विशेष लागलं नाही, कोपर तेवढं खरचटलं. त्याच आठवड्यात मासिक अहवाल भरायचा होता आणि त्यातला 'अडचणी व सूचना' हा रकाना रिकामा सोडला तर संगणक अहवाल घेत नसे. बाईंना ना अडचण सुचत होती ना सूचना. कोपर मात्र ठणकत होतं. त्यांनी लिहून टाकलं, 'मागील भिंतीजवळ पाइपगळतीमुळे शेवाळ झाले असून पाय घसरतो. दुरुस्ती व्हावी.' संगणकाने अहवाल घेतला. बाई ते विसरूनही गेल्या.

दुसऱ्या महिन्यात त्या त्याच भिंतीपाशी जपून, वाकून, एक हात भिंतीला टेकून चालत होत्या, आणि नाकासमोर शेवाळात काहीतरी हललं. मोहरीएवढी गोगलगाय होती ती. बाईंनी भिंग लावलं, 'अ' आणि 'सतरा' यांच्या मधल्या फटीतून नीट पाहिलं आणि त्या तशाच वाकलेल्या अवस्थेत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. बहुतेक गोगलगायींचा शंख उजवीकडे वळलेला असतो. हिचा डावीकडे वळला होता. शेजारच्या दुसरीचाही, आणि तिसरीचाही.

बाईंनी चार पुस्तकं पालथी घातली आणि शेवटी दूरच्या एका संग्रहालयातल्या शंखतज्ज्ञांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं: 'चाळीस वर्षांत असं काही पाहिलेलं नाही. बहुधा नवी प्रजाती. नमुना पाठवा आणि नाव सुचवा. फोटोवरचं अ/१७ हे काय आहे ते कळलं नाही.'

बाईंनी घरी येऊन ते पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. घरात या दोघीच. बाईंचा नवरा परगावी नोकरीला होता. तो महिन्यातून एकदा येई, आणि सासू-सुनेत कुणाची बाजू घ्यायची हे ठरवेपर्यंत त्याची परतीची गाडी निघायची वेळ होई. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, नजर अधू, पण जीभ शाबूत. आणि त्या डावखुऱ्या. डाव्या हाताने लिहिते म्हणून शाळेत छड्या खाल्ल्या, डाव्या हाताने वाढते म्हणून सासरी बोलणी खाल्ली, आणि सून आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, "मी अशीच आहे, सवय करून घे."

"आई, मी तुमचं नाव सुचवणार आहे," बाई म्हणाल्या.

"गोगलगायीला? सासूचं नाव?" सासूबाई हसता हसता खोकल्या. "लोक म्हणतील, सुनेने चांगला सूड उगवला."

"म्हणू देत. तुम्हाला चालेल ना?"

सासूबाई म्हणाल्या, "दारावर पाटी तुझ्या सासऱ्यांची. विजेचं बिल माझ्या मुलाचं. दवाखान्याच्या फाइलवरसुद्धा तुझं नाव मोठं आणि माझं त्या डॉक्टरच्या अक्षरात. म्हणजे नसल्यासारखंच. माझं नाव कशावर आहे गं? दे गोगलगायीला. तेवढीच एक डावखुरी मैत्रीण." आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पण लवकर कर. ती हळू चालते, मी नाही."

बाईंना त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला हरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या विषयाचा कुणाला तरी उपयोग झाला, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्या नमुना गोळा करण्याचा परवाना मागायला गेल्या. तूर्तासरावांनी यादी काढली, वरून खाली आणि खालून वर वाचली.

"तूर्तास ही यादीत नाही."

"नवी आहे. म्हणूनच तर नाही."

"यादीतल्या प्रजातीचाच परवाना देता येतो. आणि परवान्याशिवाय आवारातून काही बाहेर गेलं तर फाटकावर पंचनामा. मोडकी खुर्ची असो नाहीतर मोहरीएवढी गोगलगाय, नियम एकच." तूर्तासरावांनी आवाज खाली आणला. "तुम्ही कार्योत्तर मंजुरी मागा. समितीपुढे ठेवतो मी. आणि सुचवलेलं नाव लिफाफ्यात बंद करून द्या. मंजूर होईपर्यंत कुठे उच्चारू नका. नाव फुटलं की आक्षेप येतात. मागे एका फुलपाखराला तीन साहेबांची नावं सुचवली गेली. शेवटी फुलपाखरूच रद्द करावं लागलं."

बाईंनी नाव लिफाफ्यात घातलं. घरी सासूबाई म्हणाल्या, "एवढं कशाला? काडेपेटीत घालून एक उचलून आण की." बाई म्हणाल्या, "नियमात बसत नाही आई." सासूबाईंनी एक काडेपेटी रिकामी केली, आत कापूस घातला आणि उशाशी ठेवली.

समिती तिघांची होती. अध्यक्ष, हत्तींचे एक तज्ज्ञ आणि हिशेबाचे एक तज्ज्ञ. हत्तीतज्ज्ञांनी फोटो हातात घेऊन विचारलं, "केवढी आहे ही?"

"मोहरीएवढी."

"एवढ्याशा प्राण्यासाठी पूर्ण समिती बसवलीत?" असं म्हणून त्यांनी फोटो उलटा करून ठेवला आणि बैठक संपेपर्यंत त्यावर चहाचा कप ठेवला.

हिशेबतज्ज्ञांना मात्र विषयात रस वाटला. "मंजूर एकतीस. सापडल्या किती?"

"यादीतल्या तीस सापडल्या," बाई म्हणाल्या. "बेडूक नाही सापडला. आणि यादीबाहेरची ही एक."

"म्हणजे एकूण एकतीस. जमलं की! मग वाद कसला? बेडकाचं गोगलगायीत पुनर्विनियोजन करा."

"म्हणजे?"

"म्हणजे बेडकाच्या रकान्यात गोगलगाय दाखवा. एका बाबीतून दुसऱ्या बाबीत वर्ग करायचा अधिकार समितीला आहे, मूळ बाबीच्या पंचवीस टक्क्यांच्या मर्यादेत. तुमची गोगलगाय बेडकाच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा लहानच आहे ना?"

"खूपच लहान आहे, पण..."

"मग मर्यादेत बसते."

"अहो, पण मग ती कागदोपत्री बेडूक होईल!" बाईंचा आवाज चढला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "बेडकाला नवं नाव कसं देणार मी?"

अध्यक्षांनी हात वर केला. त्यांना वाद आवडत नसत. "बाई म्हणतात ही नवी प्रजाती आहे. ठीक आहे. यापूर्वी हिची कुठे नोंद आहे?"

"नाही. नवी आहे ना."

"यापूर्वी नोंद नाही म्हणजे पुरावा नाही. पुरावा नसताना मंजुरी कशी द्यायची? आणि यापूर्वी नोंद असेल तर मग ती नवी नाही. तेव्हा मंजुरी मागायचा प्रश्नच येत नाही."

एवढा बिनतोड मुद्दा त्या समितीत बऱ्याच दिवसांत मांडला गेला नव्हता. शेवटी तूर्तासरावांनीच, उभं राहून, अत्यंत नम्रपणे सुचवलं की समितीने स्वतः खाली उतरून गोगलगाय डोळ्यांनी पाहावी, तोच पुरावा धरता येईल. अध्यक्षांना ते पटलं. येत्या सोमवारी संयुक्त स्थळपाहणी ठरली. बाईंनी हात जोडून एकच विनंती केली, "तोपर्यंत त्या भिंतीला कुणी हात लावू नका." इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं: 'भिंतीस कोणी हात लावू नये.'

तो आठवडा शाळेत परीक्षेचा होता. बाई चार दिवस आवारात फिरकल्या नाहीत. आणि नेमके हेच चार दिवस त्या कार्यालयाच्या इतिहासात अभूतपूर्व ठरले.

समिती खाली उतरणार म्हटल्यावर कार्यालयप्रमुखांनी विचारलं, सर्वेक्षणाची काही कार्यवाही प्रलंबित आहे का? फाइल शोधली गेली. फाइलमध्ये बाईंचे तीन मासिक अहवाल होते, एकूण अठ्ठ्याण्णव पानं. त्यात तीस प्रजातींची वर्णनं, तक्ते, आकृत्या, सवयी सगळं होतं. कार्यालयप्रमुखांनी थेट पहिल्या अहवालातलं 'अडचणी व सूचना' काढलं. तिथे एकच ओळ होती.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणणाऱ्यांनी ते बहात्तर तास पाहायला हवे होते. चौदा वर्षांत तीन प्लंबर निवृत्त झाले होते, चौथ्याने पहिल्याच दिवशी पाइप बदलला. गळती थांबली. शेवाळ खरवडून काढलं. सिमेंटचा गिलावा झाला. वर रंगाचे दोन हात झाले. इतिवृत्तातल्या अटीबद्दल कुणीतरी विचारलं तेव्हा रंगारी म्हणाला, "हात कुणी लावलाय साहेब? सगळं थापी अन् ब्रशने केलंय."

सोमवारी बाई सासूबाईंना घेऊन आल्या. सासूबाईंनी हट्टच धरला होता. नवी चप्पल घातली होती आणि पिशवीत काडेपेटी होती. बाई त्यांचा हात धरून वाटेभर सांगत होत्या, "तिथे जपून हं आई, शेवाळ आहे, पाय घसरतो."

कोपऱ्यावरून वळल्या आणि बाई थांबल्या.

भिंत पांढरीशुभ्र होती. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चित्र काढलेलं होतं: झाड, सूर्य, हत्ती, फुलपाखरू, आणि मधोमध ठळक अक्षरांत 'जैवविविधता जपू या'. खाली पाटी: 'संशोधकांच्या सूचनेवरून बहात्तर तासांत कार्यवाही.' त्याखाली कार्यालयप्रमुख, अध्यक्ष, दोन्ही तज्ज्ञ आणि प्लंबर यांची पूर्ण नावं पदांसह लिहिली होती, आणि कोपऱ्यात रंगाऱ्याचं नाव फोन नंबरसह. प्रेरणास्थान म्हणून बाईंचंही नाव होतं.

"अभिनंदन!" अध्यक्ष म्हणाले. "संशोधकाच्या अहवालावर प्रत्यक्ष काम झाल्याचं हे पहिलंच उदाहरण. लोक उगीच म्हणतात, आमच्याकडे अहवाल कुणी वाचत नाही."

बाई भिंतीपाशी गेल्या. अ/१७ काढलं. भिंतीच्या कडा, जोत्याची फट, जीपचा खालचा भाग, सगळं त्यांनी गुडघ्यांवर बसून पाहिलं. सिमेंट कोरडं ठाक होतं. चौदा वर्षांच्या दिरंगाईने जे सांभाळलं होतं ते तीन दिवसांच्या कार्यक्षमतेने संपवलं होतं. आणि ती एक ओळ आपल्याच हातची आहे हे बाईंना लख्ख आठवलं. खरचटलेलं कोपर कधीच बरं झालं होतं.

"तर मग गोगलगाय दाखवा," हिशेबतज्ज्ञ म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

"नाही? म्हणजे यादीबाहेरचं काही सापडलेलं नाही. चला, तो प्रश्न मिटला. आता फक्त बेडकाची तूट राहिली."

तेवढ्यात रंगाऱ्याच्या बादलीतून आवाज आला. जुन्या पाइपाच्या खड्ड्यातून हुसकावलेला एक बेडूक बादलीत उतरला होता. तो अर्धा पांढरा झाला होता आणि डोळे वटारून समितीकडे पाहत होता. हिशेबतज्ज्ञांनी यादीवर स्वतःच्या हाताने खूण केली. एकतीसपैकी एकतीस. लघुसर्वेक्षण योजनेत शंभर टक्के उद्दिष्ट गाठणारा हा पहिलाच प्रकल्प, आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर त्याच बेडकाचा फोटो येणार आहे. तूर्तासरावांनी खिशातून तो बंद लिफाफा काढला, दोनदा इकडून तिकडे फिरवला आणि न फोडताच फाइलमध्ये ठेवला. लिफाफा ठेवताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. तूर्तास असंही म्हणाले नाहीत.

सासूबाई मात्र भिंतीपाशी उभ्या होत्या. त्यांनी डावा हात पुढे केला आणि बोटांनी भिंत चाचपली, हत्तीच्या पायापासून फुलपाखरापर्यंत.

"कोरडी आहे गं," त्या म्हणाल्या.

"आई, माझीच चूक झाली."

"असू दे. कशावर नाव असायची मला कुठे सवय आहे." आणि पिशवीची चेन लावून त्या निघाल्या.

फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडायला लावली. "आत काय आहे?"

"काडेपेटी. रिकामी आहे."

त्याने उघडून पाहिली, कापूस बोटाने उलथापालथा केला आणि नोंदवहीत 'बाहेर नेलेल्या वस्तू' या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं. शेजारी नावाचा रकाना होता. त्यात सकाळी आत येतानाच बाईंचं नाव लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे 'सोबत एक'.

सासूबाईंचं नाव मंजूर न झाल्यामुळे ते या कथेतही देता आलेलं नाही. आत्तापर्यंत ते कुणा वाचकाने विचारल्याची नोंद नाही.